टेबल क्रमांक आठची हरकत

मतदानाच्या यंत्राला माझा विरोध नव्हता. हे मी आमच्या साहेबांना लेखी कळवलं, वार्ताहराला तोंडी सांगितलं आणि आमच्या ताईला तर शपथेवर सांगितलं. तिघांपैकी कुणाचाच विश्वास बसला नाही. वर्तमानपत्रात मथळा आला, 'पाणीपुरवठ्याच्या हेडक्लार्कचा यंत्राविरुद्ध एल्गार'. एल्गार सोडा, मी ऑफिसात कधी पंखा कमी करा असंही मोठ्यानं म्हटलेलं नाही. सर्दी झाली तर मी आपली खुर्ची सरकवून घेतो. अशा माणसाच्या नावावर एक आख्खी चळवळ जमा झाली, त्याचं खरं कारण मला आजवर कुठल्याच रकान्यात लिहिता आलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. मला एका बाईंना भेटायचं होतं.

ज्या दिवशी टीव्हीवर जाहीर झालं की पुढच्या निवडणुकीपासून देशभर कागद बंद, शिक्का बंद, नुसतं बटण दाबायचं आणि मत मोजलं जाणार, त्या दिवशी ताई म्हणाली, "बरं झालं. शिक्क्याची शाई माझ्या साडीला लागते दर वेळेला." ताई माझी मोठी बहीण. आम्ही दोघंच राहतो. तिचे यजमान गेल्यापासून ती माझ्याकडे आहे असं मी म्हणतो, आणि माझं लग्न राहून गेल्यापासून मी तिच्याकडे आहे असं ती म्हणते. टीव्हीवरचा माणूस पुढे म्हणाला, "मोजणीसाठी आता एकाही कर्मचाऱ्याची गरज उरणार नाही." आणि मी उठून टीव्ही बंद केला.

मतमोजणीला मी पाच वेळा बसलो आहे. क्रीडासंकुलाच्या मोठ्या दालनात चोवीस टेबलं मांडायची, प्रत्येक टेबलावर दोन माणसं, एक अ आणि एक ब. ब-नं मतपत्रिका उलगडायची, मोठ्यानं चिन्ह सांगायचं. अ-नं ते पुन्हा म्हणायचं आणि गठ्ठ्यावर ठेवायचं. पन्नासाचा गठ्ठा झाला की दोरा. शिक्का धड बसला नसेल, रेघेवर असेल, तर ती पत्रिका मधल्या ट्रेमध्ये, आणि दोघांनी मिळून ठरवायचं, ग्राह्य की बाद. नियम क्रमांक अकरा असा की टेबलावर मतपत्रिकेखेरीज इतर कशाबद्दलही बोलू नये आणि कर्मचाऱ्यांनी एकमेकांना टेबलक्रमांकानंच हाक मारावी. मी आठ-अ होतो. त्या आठ-ब.

निवडणूक कचेरीतला कारकून दर वेळेला जुन्याच यादीवर नवी तारीख घालायचा, त्यामुळे पाचही वेळा आमची जोडी तीच राहिली. बाकीचे लोक या आळसाला नावं ठेवत. मी त्या कारकुनाला मनातल्या मनात आयुष्यभराचे आशीर्वाद दिले आहेत. हिशेब केला तर आमची ओळख चोवीस वर्षांची आणि सहवास एकूण दहा दिवसांचा. त्या कुठल्या खात्यातल्या, कुठे राहतात, घरी कोण, मला काही ठाऊक नाही. पण माणूस कळायला ते लागतं असं मला वाटत नाही. एकदा एका मतदारानं सगळ्याच चिन्हांवर एकेक शिक्का मारला होता. मी म्हटलं, "बाद." त्या म्हणाल्या, "बाद तर खरंच. पण कुणाचं मन मोडायचं नव्हतं हो याला." आणि ती पत्रिका त्यांनी बादच्या गठ्ठ्यात इतकी हलकेच ठेवली की मी तिच्यावर पुढची पत्रिका टाकताना दचकलो. अर्ध्या शिक्क्याची पत्रिका आली की मी नियमावली उघडायचो आणि त्या म्हणायच्या, "मनात काय होतं ते दिसतंय ना? मग घ्या." मी कधी घ्यायचो, बहुधा नाही. दहा दिवस आम्ही दुसऱ्यांच्या मनात काय होतं यावर वाद घातला. आपापल्या मनात काय आहे हे विचारायची नियमात तरतूद नव्हती.

पुढची मोजणी माझ्या निवृत्तीच्या दोन महिने आधी येत होती. तिचे दिवस मी चार वर्षं मोजत होतो. या वेळी दालनाबाहेर पडताना नाव विचारायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. तसं मी मागच्या तिन्ही वेळा ठरवलं होतं, ही गोष्ट वेगळी.

तर मी एक साधा उद्योग करायचा ठरवला. निवडणूक कचेरीत जाऊन त्यांचा पत्ता विचारायचा. अर्धी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिडकी क्रमांक तीनसमोर उभा राहिलो. आत एक बाई यादी तपासत होत्या.

"कर्मचाऱ्यांची माहिती गोपनीय असते," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"नुसतं नाव मिळालं तरी चालेल."

"नाव ही माहिती नाही का?"

 मी तसाच उभा राहिलो. सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते की खिडकीसमोर गप्प उभं राहिलं की खिडकीतल्या माणसाला आपल्याला काहीतरी द्यावंसं वाटतं. त्यांनी मला एक फॉर्म दिला.

"या खिडकीवर सध्या फक्त यंत्राविषयीच्या हरकती घेतात," त्या म्हणाल्या. "काही म्हणायचं असेल तर यात लिहा. वरच्या साहेबांपर्यंत जातं."

शहाण्या माणसानं फॉर्म घडी करून खिशात ठेवला असता. पण माझ्यासमोर कोरा रकाना ठेवला की माझा हात आपोआप चालतो, खात्यात सगळे त्याला हसतात. मी लिहिलं, 'यंत्रामुळे टेबल क्रमांक आठ बंद होत आहे, सबब हरकत.' पुढे 'मागणी' असा रकाना होता. तिथे लिहिलं, 'निदान एका टेबलावर कागदी मोजणी चालू ठेवावी.' खाली सही केली, हुद्दा घातला आणि सवयीनं खात्याचा शिक्काही मारला, कारण तो माझ्या खिशात असतो. इथेच माझं नशीब फिरलं. शिक्का मारलेली हरकत खासगी धरता येत नाही, अधिकृत धरावी लागते, आणि अधिकृत हरकतीची पडताळणी होते, हा नियम मला माहीत होता. पण तो दुसऱ्यांच्या बाबतीत माहीत होता.

आठवड्यानं पडताळणीला दोन माणसं आली आणि मी ऑफिसात असल्यामुळे त्यांनी शेजारीपाजारी चौकशी केली. हरकतदार इथेच राहतात का, यंत्राला त्यांचा विरोध कधीपासून आहे, त्यांच्यामागे आणखी कोण आहे. मी संध्याकाळी परत आलो तो जिन्यात माणसं माझ्यासाठी बाजूला सरकत होती. मला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी माझा हात धरला. "तुम्ही बोललात म्हणून, नाहीतर मी कुणाजवळ बोलणार होते? ते यंत्र म्हणे बटण दाबलं की पीं करतं."

"करतं म्हणतात."

"मग आमच्या ह्यांना बाहेर ऐकू जाणार की मी किती वेळ लावला. लगेच पीं केलं तर म्हणतील, मी सांगितलं त्यालाच दिलंस ना. उशिरा केलं तर म्हणतील, एवढा कसला विचार करत होतीस. एकेचाळीस वर्षं मी त्यांना पत्ता लागू दिला नाही."

तळमजल्यावर ज्यांना आम्ही कर्नल म्हणतो, ते लष्करी भांडारात साठ्याची नोंद ठेवायला होते. त्यांचं म्हणणं, यंत्राला उष्णता सोसत नाही, मे महिन्यात ते कुणालाही निवडून देईल. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला वाटत होतं की बटण लोकांच्या बोटांनी झिजणार आणि ज्याचं बटण जास्त झिजलेलं दिसेल त्यालाच पुढचे लोक मत देणार. "मी खुर्चीवरून सांगतो," तो माझ्या मानेवर वस्तरा ठेवून म्हणाला, "लोक दुसऱ्याचं बघून केस कापतात." त्या परिस्थितीत मी त्याच्याशी सहमत झालो. समोरचा औषधवाला मात्र यंत्राच्या बाजूचा निघाला. त्याच्या मते जग कुठल्या कुठे गेलं आणि आपण अजून गठ्ठे बांधतोय. तो माझ्याशी बोलेनासा झाला आणि ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मला दोन चौक लांबून आणाव्या लागू लागल्या.

या सगळ्यांना मी सांगत होतो की माझी हरकत फक्त एका टेबलापुरती आहे. त्यावर काकू म्हणायच्या, "विनय आहे तुमच्यात." असा विनय नाकारायलाही सोय नसते.

तरीही हे आठपंधरा दिवसांत विझलं असतं. पण छापखानेवाले आले. गेली तीस वर्षं आमच्या भागाच्या मतपत्रिका त्यांच्याकडे छापल्या जात. थोराड माणूस, बोटांना कायम काळं लागलेलं. ते आले आणि आमच्या एकुलत्या एका चांगल्या खुर्चीवर बसले.

"तुमचा फॉर्म मी पाहिला," ते म्हणाले. "कागदासाठी कुणीतरी एक ओळ लिहिली. मी तीस वर्षं छापतोय, मला सुचली नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हरकतीच्या दोन हजार प्रती छापून वाटल्या. त्यात 'टेबल क्रमांक आठ' हे शब्द ठळक अक्षरांत होते. लोकांना वाटलं, यात काहीतरी खोल अर्थ आहे. कर्नलनी तो आपल्या परीनं लावलाही: आठ म्हणजे आठही दिशा. सह्यांचे गठ्ठे येऊ लागले आणि मी ते पन्नासापन्नासाचे करून दोऱ्यानं बांधू लागलो, कारण सुटे कागद मला बघवत नाहीत. आमच्या बाहेरच्या खोलीत समितीची बैठक भरू लागली. ताई दर बैठकीला अकरा कप चहा करायची आणि आतून माझ्याकडे अशा नजरेनं बघायची की माझं अध्यक्षीय भाषण तिथेच आटोपायचं.

वार्ताहर आला, मथळा आला. मथळ्याबरोबर माझा फोटो आला, तोही समितीसाठी खुर्च्या उचलताना. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सरकारी नोकरानं सरकारी यंत्राला हरकत घ्यावी का, याचा त्यांनी तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला. मी नऊ परिच्छेदांचा खुलासा दिला. साहेब तो वाचून म्हणाले, "यात तुमचं म्हणणं काय आहे तेच कुठे दिसत नाही." मी म्हटलं, "नाही साहेब." चौतीस वर्षांत माझ्या टिपणीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्या दिवशी मी डबा न खाता परत आणला.

ताईनं डबा उघडून पाहिला आणि झाकण लावलं.

"आता मला खरं सांग," ती म्हणाली. "कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"तू सह्यांचे गठ्ठे बांधताना दाराकडे बघतोस. समितीत कुणी बाई आली की शर्टाची बाही खाली करतोस, आणि मग ती नाही म्हणून परत वर करतोस. मी आंधळी नाही. नाव काय तिचं?"

"आठ-ब," मी म्हटलं.

ताई माझ्याकडे बघत राहिली. तिला हसू आलं असणार, पण ती हसली नाही. मी तिला सगळं सांगितलं. अर्धा शिक्का, मधला ट्रे, सगळं. सांगताना माझ्या लक्षात आलं की सांगण्यासारखं फार काही नाहीच. एका बाईंनी पाच वेळा माझ्यासमोर बसून कागद उलगडले, एवढंच. पण इतर दिवसांत मला कुणी 'मनात काय होतं ते दिसतंय ना' असं म्हणालं नव्हतं. मला त्यांची फार आठवण येते, असं मी ताईला सांगितलं. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मोठ्या बहिणीला असं सांगणं सोपं नाही.

"त्यासाठी तू दोन हजार लोक गोळा केलेस," ताई म्हणाली.

"दोन हजार तीनशे पन्नास."

तिनं डब्यातली भाजी गरम करायला घेतली.

इकडे निवडणूक कचेरी टेकीला आली होती. सह्यांचे सत्तेचाळीस गठ्ठे खिडकी क्रमांक तीनमधून आत जाईनात, आणि दुसऱ्या खिडकीनं ते घ्यायला नकार दिला. शेवटी कचेरीनं जाहीर केलं की सर्वांसमक्ष चाचणी होईल. पाचशे मतं. प्रत्येकानं यंत्रावरही द्यायचं आणि कागदावरही. मग यंत्राची मोजणी आणि माणसांची मोजणी ताडून पाहायची. ग्राह्य मतांत एकाचाही फरक पडला तर कागद आणखी पाच वर्षं राहील. नाही पडला तर हरकत कायमची निकाली. समितीनं माझ्या पाठीवर थापा मारल्या. मोजणीला अर्थात मीच बसणार होतो.

मी कचेरीला कळवलं की नियम क्रमांक सहाप्रमाणे एकट्यानं मोजता येत नाही. मागच्या यादीतली जोडी बोलवावी.  कारकून तोच होता. त्यानं जुन्या यादीवर नवी तारीख घातली.

चाचणीच्या दिवशी मी एक तास आधी पोचलो. दालनात एकच टेबल मांडलं होतं आणि त्यावर आठ लिहिलेली पाटी होती. शेजारी उंच चौथऱ्यावर यंत्र. चाचणीसाठी चिन्हं ठेवली होती छत्री, किल्ली आणि कंगवा. सलूनवाल्यानं सकाळपासून कंगव्याचा प्रचार लावला होता. रांग दरवाज्याबाहेर गेली होती आणि चौकशीच्या नावाखाली औषधवालाही तीत उभा होता.

आठ-ब मतदान संपता संपता आल्या. केस बरेच पांढरे झाले होते, चष्मा नवा होता. त्यांनी खुर्ची ओढली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "आठ-अ." मी म्हटलं, "आठ-ब." चार वर्षं मनात घोकलेलं बाकी सगळं सोडून मी दोऱ्याचं रीळ सरळ केलं. अधिकारी म्हणाले, कर्मचाऱ्यांनीही मत द्यावं, म्हणजे पाचशे पुरे होतात. आम्ही उठून एकेक मत दिलं. त्या आडोशामागे बराच वेळ होत्या. बाहेर आल्या, पत्रिका पेटीत टाकली, पेटी आमच्या टेबलावर उघडण्यात आली.

यंत्रानं निकाल दिला तो आम्ही पहिला दोरा कापायच्या आत. पाचशे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अधिकाऱ्यांनी एक चूक केली, किंवा हुशारी केली. ते म्हणाले, कागद मोजून होईपर्यंत ज्यांना हवं त्यांनी यंत्र हाताळून पाहावं. तासाभरात माझी चळवळ माझ्या डोळ्यांदेखत यंत्राभोवती जमली. काकूंनी पीं ऐकलं आणि त्यांना ते आवडलं. त्या सहा वेळा जाऊन आल्या, प्रत्येक वेळी निरनिराळा वेळ लावून, आणि बाहेर उभ्या काकांचा चेहरा बघून खूश होऊन परतल्या. कर्नलनी यंत्राला हात लावून ते गार असल्याचं जाहीर केलं. सलूनवाल्यानं कंगव्याचं बटण इतक्या वेळा दाबलं की त्याला बाजूला घ्यावं लागलं. छापखानेवाले तेवढे माझ्या मागे हात बांधून उभे होते.

आमची मोजणी चालली होती. "छत्री," त्या म्हणत. "छत्री," मी म्हणे. "किल्ली." "किल्ली." मला कुठे जायची घाई नव्हती. दोरा मी दोन गाठींऐवजी तीन गाठी मारत होतो. त्याही प्रत्येक पत्रिका उलगडून, मागून-पुढून पाहून मग देत होत्या. इतक्या सावकाश त्या कधीच नव्हत्या. मला वाटलं, वय झालं. नंतर वाटलं, नसेलही. खिडकीतून येणारं ऊन टेबलाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेलं.

गठ्ठे मोजले. चारशे नव्याण्णव.

"परत मोजू," आठ-ब म्हणाल्या.

परत मोजले. सव्वा तास. चारशे नव्याण्णव. आता लोक यंत्र सोडून आमच्याकडे आले. वार्ताहर चहाचा कप टाकून धावला. छापखानेवाल्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की त्यांची काळी बोटं शर्टावर उमटली. "यंत्र चुकलं," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. अधिकारी पेटी उलटी करून आपटत होते. मी जिंकलो होतो. कागद राहणार, टेबल राहणार, पुढे मी निवृत्त झालो तरी खास बाब म्हणून मला बोलावतीलच. मला इतका आनंद झाला की मी नियम क्रमांक अकरा मोडून त्यांच्याकडे बघून हसलो.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी मधला ट्रे उचलला. त्याच्याखाली एक घडी केलेली पत्रिका होती.

"एक संशयास्पद राहिली आहे," त्या म्हणाल्या आणि ती माझ्यासमोर सरकवली.

ती दोन्ही मोजण्यांच्या वेळी तिथेच होती आणि ती आठ-ब यांच्या हाताखाली होती. मी उलगडली. शिक्का किल्लीवर नीट बसला होता. मागच्या बाजूला बारीक, सरळ अक्षरांत एक नाव होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, 'या आठवड्यात निवृत्त. त्यानंतर धाकट्या भावाकडे.' त्याखाली पत्ता. तो या शहरातला नव्हता. एक रात्र आणि अर्धा दिवस इतक्या लांबच्या गावातला होता.

नियम सगळ्यांना माहीत आहे. मतदाराची ओळख पटेल असं काहीही पत्रिकेवर लिहिलेलं असेल तर ती बाद. चोवीस वर्षांत मी यात कधी मागेपुढे पाहिलेलं नाही. एका गृहस्थानं कौतुकानं नातवाचं नाव लिहिलं होतं, तीही मी बाद केली होती. आणि आता बाद म्हटलं की कागद चारशे नव्याण्णव, यंत्र पाचशे. टेबल क्रमांक आठ कायम. फक्त समोरच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी.

"आठ-अ," अधिकारी म्हणाले, "निर्णय?"

मी त्यांच्याकडे बघितलं. चोवीस वर्षं अर्ध्या शिक्क्यांसाठी भांडणाऱ्या बाई या वेळी स्वतःच्या पत्रिकेबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्या टेबलाच्या कडेकडे बघत होत्या आणि त्यांची बोटं दोऱ्याच्या तुकड्याची उगाच गाठ मारत होती. त्या नावाला बाद म्हणायला माझी जीभ रेटेना.

"ग्राह्य," मी म्हटलं.

"ग्राह्य," त्या म्हणाल्या. खरं तर अ-नं म्हटल्यावर ब-नं पुन्हा म्हणायचं नसतं.

छापखानेवाल्यांचा हात माझ्या खांद्यावरून निघाला. "साहेब, तुम्ही काय केलंत हे," एवढंच ते म्हणाले. रागानं बोलले असते तर बरं झालं असतं.

पाचशे विरुद्ध पाचशे. अधिकाऱ्यांनी घाम पुसला आणि हरकत निकाली निघाल्याचं जाहीर केलं. पत्रिका थैलीत भरायला घेतल्या. टेबलावर कर्मचाऱ्यानं खासगी लिखाण करायचं नसतं, म्हणून मी पेन काढलं नाही. ती पत्रिका अजून माझ्या हातात होती.

"नीट बघितलीत ना?" आठ-ब यांनी विचारलं.

"बघितली."

"परत एकदा बघा. घाई नको."

मी परत बघितली. मग ती थैलीत गेली आणि थैलीवर लाख पडली. अ कर्मचाऱ्यांनी पश्चिमेच्या दारानं जायचं असतं, ब-नी पूर्वेच्या. मी तोंड उघडलं नाही, कारण तोंडात नाव होतं, घरक्रमांक होता, गल्ली होती आणि यातलं काहीही सांडलं असतं तर दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. मीही हलवली. त्या गेल्या.

घरापर्यंतचं अंतर पंचवीस मिनिटांचं आहे. त्या पंचवीस मिनिटांत मी कुणाशी एक अक्षर बोललो नाही. वार्ताहरानं पराभवाची भावना विचारली. मी मनात पत्ता म्हणत पुढे गेलो. काकू म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, यंत्र तसं गोड आहे. मी पुढे गेलो. औषधवाला दुकानातून बाहेर आला आणि मोठ्या मनानं म्हणाला, झालं गेलं विसरून जा. विसरून जा म्हटल्याबरोबर घरक्रमांक डळमळला, आणि मी त्याला हातानं बाजूला करून अक्षरशः पळालो. तो आता सगळ्यांना सांगतो की मी त्याला ढकललं.

ताईनं दार उघडलं. मी काही न बोलता पेन्सिल मागितल्याची खूण केली. तिनं काहीही न विचारता ती दिली. मी भिंतीवरच लिहिलं, कागद शोधायला वेळ नव्हता. ताईनं चष्मा लावून ते नाव वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाली, "चांगलं आहे." ते नाव मी इथे देत नाही. मत गोपनीय असतं.

मग मी पत्र लिहायला बसलो. नऊ परिच्छेदांचे खुलासे लिहिणारा माणूस मी, मला पाच दिवस एक ओळ सुचेना. यंत्राविषयी लिहिलं, फाडलं. प्रकृतीविषयी लिहिलं, तेही फाडलं. सहाव्या दिवशी ताईनं कागद समोर ठेवला आणि म्हणाली, "जे मला सांगितलंस तेच लिही. तिथे साहेब नाही बसलेला." मी लिहिलं, 'मला तुमची फार आठवण येते. इथून तुमच्या गावाला बस किती वाजता आहे ते मी विचारून ठेवलं आहे. तुमचं मत काय?' वाचून बघितलं तर ते बरोबर होतं, म्हणून मला त्याची भीती वाटली आणि मी ते उशीखाली ठेवलं. ताईनं ते तिथून काढलं, पाकिटात घातलं, चपला चढवल्या आणि भर दुपारी स्वतः जाऊन टपालात टाकून आली.

पत्र टाकल्याला आज अकरावा दिवस. पोस्टमन साधारण सव्वाबाराला येतो. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकतो आणि जिन्यात उभा राहतो.